कमानीखाली इंदिरा

महूच्या पुढे, विंध्याच्या दोन डोंगरांमधल्या नाल्यावर होळकरशाहीतला एका कमानीचा दगडी पूल होता. वरच्या आणि खालच्या गावाला जोडणारी तेवढीच वाट. मधले दगड निखळले, म्हणून मध्यभारत सरकारनं दुरुस्तीला इंदूरहून ओव्हरसियर नानांना पाठवलं. शाळेला सुट्टी लागली तशी त्यांची नववीतली मुलगी इंदिराही तिथे येऊन धडकली. चुना मळण्यापासून दगड बसवण्यापर्यंत प्रत्येक कामात तिची लुडबुड!

दुरुस्ती झाली. कमानीखालचा लाकडी सांगाडा काढला आणि पुलातून कडाड् असा आवाज आला. आधार निघाला की कमान जराशी खाली बसते, दगड एकमेकांना घट्ट धरतात, असं नानांनी परोपरीनं सांगितलं. पण गावकऱ्यांच्या कानांत तो आवाजच बसला होता. एकही बैलगाडी पुढे येईना. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब तपासणीला येणार होते. वापर नाही असं दिसलं तर ते पूल बंद करणार, म्हणजे पावसाळाभर वरचं गाव तुटलंच.

तिकडची रीत अशी, की पूल बांधणाऱ्यानं पहिल्या गाडीच्या वेळी कमानीखाली उभं राहायचं. नाना लगेच निघाले. तेवढ्यात वरच्या गावची पाटलीण द्वारकाबाई पूल पारखायला दगड भरलेल्या आपल्या गाडीवरून म्हणाली, "नौकरी के वास्ते तो आदमी कहीं भी खड़ा हो जाए, बाबूजी. अपनी छोरी को खड़ी करो, तो मानें."

लेकीला तसं सांगणं नानांच्यानं होईना. पण सांगायला इंदिरा तिथे होतीच कुठे? ती उतारावरून घसरत केव्हाच नाल्यात पोचली होती.

"नाना, दगड तुम्हीच बसवलेत ना?" ती खालून म्हणाली. "मग येऊ द्या गाडी."

द्वारकाबाईची गाडी पुलावर चढली. डोक्यावर गडगडाट झाला, वेणीवर चुन्याची भुकटी पडली. पण इंदिराची नजर मधल्या दगडावरून हटली नाही. दगडही हटला नाही.

गाडी पार झाली!

ती धापा टाकत वर आली तर दोन्ही तीरांवर एकच गलका. द्वारकाबाईनं सरकून तिला शेजारी घेतलं, गाडी पुन्हा पुलाकडे वळवली आणि कासरा तिच्या हातात दिला. "ले, अब तू हाँक."

मागे गाड्यांची रांग लागली होती. कासरा कसा धरायचा ते नाना ओरडून सांगत होते, पण इंदिरा कुठली ऐकतेय!