आधी पाणी, मग जाळ

मित्रांनो, जुना तांब्याचा बंब म्हणजे मी. ‘मित्रांनो’ म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणालो, उगाच हुरळून जाऊ नका. तुमच्यातल्या निम्म्यांना बंब म्हणजे आग विझवणारी लाल गाडी वाटते. मी आग विझवत नाही. मी ती पोटात ठेवतो आणि पाणी तापवतो. मधोमध नळी, नळीत जाळ, नळीभोवती पाणी, खाली तोटी, वर धुराडं. एवढंच माझं विज्ञान. पण ते चालतं.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत बद्रीनाथ तांबटांनी मला घडवलं. पत्र्यावर दिवसचे दिवस हातोडी चालली. ते ठोके तुम्हाला आता नक्षी वाटतात. नक्षी कसली डोंबलाची! ठोके खाऊन पत्रा टणक होतो. पण दुसऱ्याने सोसलेल्याला ‘किती सुंदर’ म्हणायची तुमची जुनीच खोड आहे.

बंब विकताना बद्रीनाथ गिऱ्हाइकाला दोन नियम सांगत. आधी पाणी, मग जाळ. कोरड्या बंबात जाळ घातला तर सांधे जोडून धरणारा डाख वितळतो आणि बंब गळायला लागतो. आणि दुसरा, जो पाणी काढेल तो पाणी घालेल. आपली आंघोळ झाली की पुढच्या माणसासाठी बंब भरून ठेवायचा. दोनच नियम, तेही माणसांना पाठ होत नाहीत.

एका घरात मी एकतीस वर्षं राबलो. सात माणसं, सात आंघोळी. दिवाळीत माझ्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला कुंकू. ‘बंबाच्या पाण्याची सर कशाला येत नाही’ असं घरातलं प्रत्येक जण म्हणायचं. मग एक दिवस न्हाणीघराच्या भिंतीला एक पांढरा डबा चिकटला. बटण दाबलं की पाणी गरम. त्याच आठवड्यात त्याच सात माणसांनी मला मोडीत काढलं. कौतुकाचं आयुष्य किती असतं ते मी तेव्हा शिकलो.

मोडीचं सामान म्हणून आलो तो नेमका बद्रीनाथांच्याच दुकानात. त्यांनी माझ्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाले, “हा मोडायचा नाही.” दुकानाच्या दाराशी मला जागा मिळाली. पुढे ते गेले. आता दुकान त्यांची मुलगी शालन चालवते. पन्नाशीची बाई, हातोडी हलकी आणि जिभेचे ठोके जड. एका बंगलेवाल्याने मला छत्र्या ठेवायला मागितलं, तेव्हा तिने विचारलं, “का हो, तुमच्याकडे बादली नाही?” गिऱ्हाईक गेलं. मी मात्र धूळ खात तिथेच राहिलो.

आणि मग आमच्याकडे विज्ञान आलं.

शालनची भाची नम्रता खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिला पिक्चर काढायचा होता. कुठल्याशा लघुपट स्पर्धेत विज्ञानपटांचा विभाग होता, तिथे पाठवायला. वर्षाच्या सगळ्या सुट्ट्या तिने त्यात घातल्या होत्या. घरी सांगून बसली होती, हा स्पर्धेत घेतला नाही तर पुन्हा कॅमेऱ्याला हात लावणार नाही. सोबत तिच्याच कंपनीतला दिग्विजय. त्याचं मत असं की विज्ञानपट म्हणजे दिवे.

त्याने बुधवार पेठेतून निळ्या दिव्यांच्या माळा आणल्या आणि मला गुंडाळलं. माझ्या तोटीला वायर लावली. म्हणे मी कालयंत्र! अहो, मी साधं ऊन पाणी द्यायचो तेव्हा तुम्ही मला मोडीत काढलं, आणि आता मी माणसं भविष्यात पोचवणार? नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! नायक माझ्याशेजारी स्टुलावर बसायचा, दिवे लुकलुकायचे आणि तो दोन हजार नव्वद सालात पोचायचा. तिथे जाऊन काय करायचा? त्याच मुलीवर प्रेम, त्याच गुंडाशी मारामारी, आणि वर चहा. सत्तर वर्षं पुढे जाऊन चहासुद्धा त्याच कपातून.

पिक्चर गेला आणि परत आला. परीक्षकांनी लिहिलं होतं, ‘यातले दिवे काढले आणि साल बदललं तरी गोष्ट तशीच्या तशी राहते. मग ही विज्ञानकथा कशी? आठ दिवसांत सुधारून पाठवता येईल.’

नम्रताचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता तरी डोकं चालवतील. कसलं काय! दिग्विजय म्हणाला, “इफेक्ट कमी पडला. धूर पाहिजे.”

शालन बाहेर गेली होती. दोघांनी माझ्या नळीत लाकडं कोंबली, वर रॉकेलचा बोळा टाकला आणि काडी लावली. पोटात पाण्याचा थेंब नाही. मित्रांनो, तेव्हा मला भीती वाटली. हे सांगायची लाज वाटते, पण वाटली. बद्रीनाथांनी भरलेला डाख आतल्या आत पाघळायला लागला. धूर मात्र झकास निघाला, दिग्विजयने टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात शालन आली. समोरची बादली तिने उचलली, पण माझ्यावर ओतली नाही. तापलेल्या तांब्यावर गार पाणी टाकत नाहीत, हे तिला कळतं. तिने चिमट्याने एकेक लाकूड ओढून बाहेर काढलं आणि त्यांच्यावर पाणी ओतलं. मग वळली.

“पाणी कोणी घालायचं?”

“आत्या, अगं, तो नुसता प्रॉप आहे,” नम्रता म्हणाली.

“तुझ्या खराडीत असेल. इथे तो अण्णांच्या, माझ्या बापाच्या हातचा आहे. त्याला नियम आहेत. आधी पाणी, मग जाळ. काढेल तो घालेल. नियम आहेत म्हणून ते यंत्र आहे, कळलं? तुमच्या यंत्राला काय आहे? दिवे! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

दिग्विजय म्हणाला, “सॉरी काकू.” नम्रता माझ्या तोटीकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, “आत्या, घालायच्या आधीच काढता आलं तर?”

“म्हणजे?”

“उद्या घालायचं पाणी आज तोटीतून आलं तर? एवढंच खोटं. बाकी सगळे नियम तुझे.”

माझ्या आयुष्यात कुणी माझ्याबद्दल विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न. दिवे त्याच संध्याकाळी उतरले. शालनने पुढचे दोन दिवस दुकान बंद ठेवलं आणि वडिलांच्या हत्यारांनी माझे सांधे पुन्हा भरले. तोंडाने शिव्या चालूच होत्या.

नवा पिक्चर या दुकानात आणि मागच्या न्हाणीत झाला. म्हातारे वडील आणि मुलगी. त्यांच्या बंबातून आज येतं ते उद्या घातलेलं पाणी. मुलीला संध्याकाळी परगावी नोकरीवर निघायचंय, गाडीचं तिकीट हातात आहे. सकाळी ती तोटी सोडते. थेंब नाही. म्हणजे उद्या या घरात कुणी बंब भरणार नाही. का नाही? वडील तर घरीच असणार. तिला काही कळत नाही. आणि मग एकदम कळतं. घरातलं माणूस गेलं की त्या दिवशी चूल पेटत नाही. बंब तरी कोण भरेल?

दिग्विजय अडून बसला. “मग तिने राहून उद्या पाणी घातलं की झालं. बाबा वाचले!”

“आज आलं नाही, म्हणजे उद्या घातलं जाणार नाही,” नम्रता म्हणाली. “नियम मोडायचा नाही. ती वाचवू शकत नाही. राहू शकते.”

मुलगी तिकीट फाडते आणि वडिलांपाशी बसते. दिवसभर दोघं गप्पा मारतात. संपला पिक्चर. ना दिवा, ना धूर. पण यातला बंब काढून बघा, गोष्ट उभीच राहत नाही. विज्ञानकथा म्हणतात ती ही. एक गोष्ट मानायची आणि मग तिच्या नियमापुढे मान तुकवायची. भविष्यकाळ नि चंदेरी कपडे लागतात ते ज्यांच्याकडे गोष्ट नसते त्यांना.

पिक्चर स्पर्धेत घेतला. नम्रताने लॅपटॉप दुकानात आणून आत्याला दाखवला. शालनने तो शेवटपर्यंत पाहिला. मी वाट बघत होतो, आता काहीतरी खोचक बोलेल. ती म्हणाली, “अण्णा गेले तेव्हा मी कोल्हापूरला होते, प्रदर्शनात भांडी विकत. सकाळी इथूनच आंघोळ करून निघाले होते. मला तेव्हा असा बंब हवा होता गं.” आणि ती रडली. नम्रताने तिला जवळ घेतलं.

पिक्चर बघून दोनतीन जण दुकानात आले आणि विचारू लागले, “दिवे कुठेयत?” त्यांच्याविषयी मी काही बोलत नाही. वाया घालवायला माझ्याकडे पाणी नाही.

तर बाळांनो, जुन्या वस्तूंना दिव्यांच्या माळा घालू नका, आमच्यात छत्र्याही ठेवू नका. आम्हाला आमचं काम द्या, आणि आमचे नियम आधी विचारून घ्या. एवढं तुमच्याने होणार नाही, हे मला माहीत आहे. तरी सांगितलं.

शालन आता मला रोज पेटवते. रोज आंघोळ झाली की भरून ठेवते आणि सकाळी उठल्या उठल्या आधी तोटी सोडून बघते. पाणी येतंच. कालच तिने भरलेलं असतं, न यायला काय झालं? यात विज्ञान नाही, चमत्कार नाही, काही नाही. तरी ती खराडीला फोन लावते आणि भाचीला सांगते,

“आलं गं पाणी. जा तू ऑफिसला.”