हुकलेला उजेड

मित्रांनो, मी एक जुना वर्णपटमापक आहे. डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीला मला जोडले होते. तिने गोळा केलेला उजेड मी वेगवेगळ्या रंगांत फोडून दाखवत असे.

माझ्या भरवशावर एक संशोधक बाई दूरच्या क्वेसारमधल्या, म्हणजे एका अतितेजस्वी दीर्घिकेच्या गाभ्यातल्या, कृष्णविवराचे वस्तुमान मोजत होत्या. कृष्णविवर दिसत नाही, पण त्यात पडणारा वायू तापून झळाळतो. ही झळाळी वाढली की भोवती फिरणारे वायूचे ढगही उजळतात, मात्र उजेड तिथवर पोचायला लागेल तेवढ्या उशिराने. त्या उशिरावरून ढग किती लांब ते कळते. मी फोडलेल्या उजेडात ढगांच्या रंगरेषा किती रुंद, त्यावरून ढगांचा वेग कळतो. दोन्ही हाती आले की वस्तुमान निघते. पण एवढ्या दूरच्या क्वेसारचा हा उशीर वर्षानुवर्षांचा असतो.

"बाई, एवढ्यात अख्खा डोंगर तोलून झाला असता!" तंत्रज्ञ काका माझी काच पुसत चिडवायचे.

"डोंगर कुठे पळतोय, काका? ढग उजळायची वेळ मात्र एकदाच येणार."

एकदा झळाळी वाढली. बाईंना आनंद मावेना. मग आम्ही ढगांची वाट पाहत बसलो. तेवढ्यात वेधशाळेला नवे साहेब आले. त्यांना पाहुण्यांसाठी रंगीत छायाचित्रे हवी होती.

"याला उतरवा. कॅमेरा लावू."

"साहेब, आता नको हो! ढग कधीही उजळतील."

"इतकी वर्षं थांबलात, एका हंगामानं काय बिघडतंय?"

मी कोठीत ताडपत्रीखाली गेलो. एका हंगामाचे चार झाले. माझ्या आरशांना ओल धरली. त्या क्वेसारकडे दुसरे कोणीच पाहत नव्हते.

पुन्हा जोडला गेलो, तेव्हा ढग उजळून मंदही होत आले होते. नेमके कधी उजळले, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

"मधलं एखादं वर्ष धरा की," काका हळूच म्हणाले.

"अंदाजच बांधायचा होता, तर तरुणपणीच नसता का बांधला?" बाई म्हणाल्या. त्या निवृत्तीला आल्या होत्या. दुसऱ्या झळाळीची वाट पाहण्याइतके आयुष्य त्यांच्यापाशी नव्हते. त्या निवृत्त होऊन गेल्या, आणि मी कायमचा अडगळीत पडलो.

मित्रांनो, अब्जावधी वर्षे चालून तो उजेड दारी आला आणि दार आम्हीच लावून घेतले होते. तुमच्या आसपास कोणी धीराने काही पाहत बसले असेल, तर 'इतक्या दिवसांत काय मिळालं?' असे विचारू नका. शेजारी बसा. त्याचा डोळा लागला, तर तेवढा वेळ तुम्ही पाहा.