सहाची नोंद

चंद्रभानची झडप बदलली, पण ऑपरेशनच्या टेबलावर बंद पडलेलं हृदय काही केल्या चालू होईना. काल दुपारपासून मशीन त्याचं रक्त बाहेर घेत होतं, प्राणवायू मिसळून परत देत होतं. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून ते पातळ करायचं औषध चालू होतं. त्यानंच मेंदूत रक्तस्राव होऊ शकत होता. म्हणून दर तासाला पापण्या उघडून बॅटरी मारायची आणि दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का, ते तक्त्यावर लिहायचं, असा डॉक्टरांचा हुकूम होता.

त्याची बायको जयवंता बोरगाव मेघेच्या अंगणवाडीत सेविका होती. चार वाजता तिला पाच मिनिटांसाठी आत सोडलं. तिनं खाटेला अडकवलेला तक्ता वाचला.

"सिस्टर, सहा वाजले का?"

"चार वाजले. काऊन?"

"सहाचं लिवलं हाये इथं. बाहुल्या सारख्या. पाचचंबी."

सुलोचना सिस्टर उठली. "बाहेर व्हा, ताई. तुमाले काय समजते त्यातलं?"

"समजते. सकाळपासूनचं एका बैठकीत लिवलं हाये."

मागच्या महिन्यात पर्यवेक्षिका येणार म्हणून जयवंतानं बेचाळीस पोरांची वजनं अशीच भरली होती. वजनकाटा खिळ्यालाच टांगलेला होता.

"बॅटरी मारा. आत्ताच्या आत्ता!"

"डॉक्टर येतील तवा..."

"तुमाले हात नाईत का?"

आवाज ऐकून डॉक्टर आले. "ओरडू नका, बाई. हृदय कालपेक्षा छान चाललंय."

"हृदय तं मशीन पाहून राह्यली. डोळे कोण पाहून राह्यलं?"

डॉक्टरांनी पापण्या उचलल्या. उजवी बाहुली आकसली. डावी तशीच मोठी राहिली. त्यांनी पुन्हा बॅटरी मारली, मग औषध बंद करायला सांगितलं. मेंदूत रक्त कधी उतरलं, दहाला की दोनला, तक्त्यावरून कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकराला चंद्रभान गेला. तोवर तक्ता जयवंताच्या पिशवीत गेला होता.

"तो कागद दवाखान्याचा आहे," डॉक्टर म्हणाले. "द्या."

"नाई देत."

सुलोचना रडत होती. "सगळ्याच भरून ठेवतात, ताई. मी एकटीच नाई."

"मालूम हाये मले," जयवंता म्हणाली. "मीबी ठेवतो. म्हणून तं सोडत नाई."