वर न येणाऱ्या तीन पट्ट्या

पियानो सुरात लावण्याचं काम ती अठरा वर्षं करत होती आणि कामावर नेहमी एकटीच जायची. या खेपेला मात्र आत्या मागे लागली.

"गरम पाण्याचे झरे आहेत ना तिथे? मग तू पियानो लाव, मी गुडघे लावते," असं म्हणून तिने दोन टॉवेल आणि पोहायचा जुना पोशाख पिशवीत कोंबलासुद्धा.

उन्हाळा सरत आला होता. टेकडीच्या पायथ्याशी दगडांनी बांधलेली तीन कुंडं होती, एकापेक्षा एक गरम. सगळ्यात वरच्या कुंडात माणसाला पाय घालायची सोय नव्हती. तिथे मालकीण जाळीच्या टोपल्यांतून कणसं, बटाटे आणि अंडी सोडायची. रविवारी दुपारी चारला लोक मधल्या कुंडात गळ्यापर्यंत बसून आधी गाणं-बजावणं ऐकायचे आणि मग त्या टोपल्यांवर तुटून पडायचे. हंगामातला हा शेवटचा रविवार होता.

पियानो पाहून तिने कपाळाला हात लावला. तो वरच्या कुंडाला खेटून असलेल्या पडवीत होता आणि सगळी वाफ थेट त्याच्या पोटात जात होती.

"इथे कोणी ठेवला हा?"

"मीच की," मालकीण म्हणाली. "आत ठेवला तर पाण्यात बसलेल्यांना ऐकू कसा जाणार?"

"अहो, वाद्य आहे ते. बटाटा नाही, वाफवायला!"

मालकिणीने राग मानला नाही. तिने एक गरम कणीस लोणी लावून पुढे केलं. "आधी हे खा. मग पोटभर बोला मला."

तारा दोन तासांत सुरात आल्या. पण मधल्या तीन पट्ट्यांचं लाकूड फुगलं होतं. दाबल्या की खाली जायच्या, वर यायचं नाव नाही. तिने त्या काढल्या, मालकिणीच्या चुलीजवळ वाळवल्या, कडा हलकेच घासल्या आणि परत बसवल्या. आता त्या टुणकन उठत होत्या.

"तासभर टिकतील," ती म्हणाली. "पुढचं वाफेच्या मर्जीवर."

तेवढ्यात फाटकातून वाजवणाऱ्या बाई आल्या आणि तिने त्यांना लगेच ओळखलं. पाठ ताठ, केस पांढरेशुभ्र, पण चाल तीच. या बाईंकडे ती लहानपणी सहा वर्षं पियानो शिकली होती. बारा वर्षांची असताना बाईंनी तिच्या वडिलांना बोलावून सांगितलं होतं, "हिला कान आहे, हात नाहीत. उगाच वेळ घालवू नका." दाराआडून तिने ते ऐकलं होतं. त्यानंतर तिने शेकडो पियानो लावले, पण लोकांसमोर एकाही पियानोवर एक गत वाजवली नाही.

ती हत्यारं आवरायच्या निमित्ताने पियानोमागे वाकली. पण मधल्या कुंडात आत्या बसली होती, आणि आत्याला पोटात काही ठेवणं जमत नसे.

"बाई! ओळखलंत का आमच्या भाचीला? तुमच्याकडे यायची शिकायला!"

बाईंनी चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि "अस्सं," एवढंच म्हणून बाकावर बसल्या.

कार्यक्रम झकास सुरू झाला. बाईंच्या सोबतीला एक व्हायोलिनवाला होता. पहिल्या गतीला पाण्यातल्या लोकांनी हात उंचावून टाळ्या दिल्या आणि एकमेकांच्या तोंडावर पाणी उडवलं. दुसरी गत अर्ध्यावर आली आणि मधली एक पट्टी खालीच राहिली. मग दुसरी. मग तिसरी. बाईंचे हात थांबले. व्हायोलिनवाला एकटाच रेटत राहिला.

आपण काय करतोय हे कळायच्या आत ती पडवीत चढली आणि बाकाच्या कडेला टेकली.

"वाजवा तुम्ही. मी उचलते."

बाईंनी पट्टी दाबली की ती लगेच बोटाच्या टोकाने तिला वर घ्यायची. अंगठा कधी येणार, करंगळी कधी, सगळं तिला ठाऊक होतं. हीच गत तिने वयाच्या बाराव्या वर्षी रडत रडत घोकली होती. दोघींची बोटं एकमेकींना न लागता धावत होती.

"कोपर आत," बाई ओठ न हलवता पुटपुटल्या.

तिने कोपर आत घेतलं. मग तिला हसू आलं आणि एक पट्टी जवळजवळ सुटली.

गत संपली तेव्हा लोक पाण्यात उभे राहून ओरडत होते. बाई घाम पुसत म्हणाल्या, "छान सांभाळलंस. मग सोडलंस का शिकायचं?"

"तुम्हीच सांगितलंत बाबांना. मला हात नाहीत म्हणून."

"मी?" बाई खरंच आठवू लागल्या. बराच वेळ. "नाही गं आठवत. त्या वर्षांत मी फार जणांना असं काही काही बोलले."

इतकी वर्षं तिने जे उराशी धरलं होतं, ते बोलणाऱ्या माणसाच्या लक्षातही नव्हतं. रागवावं की हसावं तिला कळेना.

"मी ते दाराआडून ऐकलं होतं, बाई," ती म्हणाली. "खूप लागलं होतं मला."

बाईंनी चष्मा काढला. "मग चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "बारा वर्षांच्या हातांना काय कळतं कुठे जायचं ते! मला कळायला हवं होतं."

मालकीण टोपल्या घेऊन आली. बाईंनी दोन बटाटे आणि एक अंडं ताटात घेतलं आणि सरळ कुंडाच्या काठावर पाय सोडून बसल्या.

"तिसरी गत?" व्हायोलिनवाल्याने विचारलं.

"मी खातेय," बाई म्हणाल्या. "तिला सांग. नाचाचं काहीतरी, सोपं. आणि पट्ट्या उचलायला तू वाक."

ती बसली. कोपर आत घेतलं आणि सुरुवात केली. व्हायोलिनवाला एका हाताने गज सांभाळत, दुसऱ्याने पट्ट्या उचलत, मध्येच दोन्ही विसरत होता. ती दोनदा चुकली, तिसऱ्यांदा तर अख्खी ओळच गाळली. ओली माणसं काठावर चढून टॉवेल गुंडाळूनच नाचायला लागली. आणि दर चुकीला कुंडातून आत्या जोरात "वाहवा!" म्हणत होती, कारण सुरातलं तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं.