जहाजावरचा भात

दोन दिवसांनी मला परत जहाजावर कामाला जायचं होतं आणि बाबांनी पाच दिवसांपासून धड एक घास गिळला नव्हता. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. सकाळपासून मी स्वयंपाकघर आणि त्यांची खाट यांच्यामध्ये येरझारा घालत होतो. शेवटी जहाजाच्या किचनमध्ये शिकलेला जंबालया करायला घेतला. कोंबडी, झिंगे, ढोबळी मिरची, टमाटर यांचा झणझणीत रस्सा करायचा आणि त्यातच तांदूळ शिजवायचे. सगळी चव तांदळानं पिऊन घ्यायची, तीच त्याची गंमत.

"झाकण उघडू नको," असं आईला बजावून मी पातीचा कांदा आणायला गेलो.

परत आलो तर आई भाताच्या गंजावर झाकण तिरपं धरून अख्खा रस्सा वाडग्यात ओतत होती.

"काऊन पसवला?" मी ओरडलोच.

"मंग? एवढ्या पाण्यात भाताचा गोळा झाला असता."

"अवं माय, त्या पाण्यातच सगळी चव होती!"

ती वाडगं घेऊन आत गेली. मी अर्धकच्ची शितं ढवळत तिच्यावर, झिंग्यांवर, संपत आलेल्या सुट्टीवर चरफडत राहिलो.

आतून रिकामं वाडगं ठेवल्याचा आवाज आला. मग बाबांचा.

"कायची पेज हाये रे ही? अजून आन थोडी."

मी घाईनं गंज तिरपा केला. उरलासुरला थेंबन् थेंब तांदळानं पिऊन घेतला होता.