आठवड्यातल्या दोन गोळ्या

नळ दुरुस्त करणारा माणूस ज्या गळतीसाठी गेला, तिच्याच पाण्यावरून घसरला आणि त्याचं डोकं बेसिनवर आपटलं, ही गोष्ट त्याच्या मित्रांना महिनाभर पुरली. मग ते हसायचे थांबले, कारण महिना उलटला तरी याचं डोकं दुखायचं थांबेना. उजेड सोसवत नव्हता, आवाज तर मुळीच नाही.

"मेंदू हादरलाय, वेळ लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि गोळ्या लिहून दिल्या. "आठवड्यातून दोनच. जास्त घेतल्यात, तर गोळीच डोकं दुखवायला लागेल."

त्याच्यापेक्षा घाबरली ती बायको. ती बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. सासरी-माहेरी तिला 'भोंगा' म्हणत. ती स्वयंपाकघरात बोलायला लागली, की खालच्या मजल्यावरचे आजोबा खिडकीतून उत्तर द्यायचे. वीस वर्षं तिने घर डोक्यावर घेतलं आणि वीस वर्षं तो म्हणत आला, "अगं, जरा हळू!" आता ती खरंच हळू झाली. कुजबुजायची, खुणा करायची, टेबलावर चिठ्ठ्या ठेवायची. हसू आलं तर तोंडावर हात.

आधी त्याला बरं वाटलं. मग घर खायला उठायला लागलं. शेजारच्या खोलीत जिवंत असलेल्या बायकोची इतकी आठवण येऊ शकते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

एरवी तो महिन्याला जेमतेम दोन गोळ्या घ्यायचा. एका मंगळवारी त्याने दुपारीच एक घेतली, डोळे मिटून पडला आणि कळ ओसरल्यावर चालत बस स्थानक गाठलं. स्पीकरखालचा बाक रिकामाच होता.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे..."

गोळीचा असर टिकला तोवर, दोन तास, त्याने सगळ्या गाड्या कानात प्राण आणून ऐकल्या. उशिराच्या गाड्यांबद्दल बोलताना तिचा आवाज जरा रागवायचा, तो त्याला फार आवडला. मग मंगळवार-शुक्रवार हा नेमच झाला.

घरात मात्र भलतंच सुरू झालं. ती अनवाणी वावरायला लागली. बहिणीला फोन करणं बंद झालं. एका शनिवारी पाहतो तर भिंतीवरचं घड्याळही गायब.

"घड्याळ कुठे गेलं?"

"कपाटात ठेवलंय. टिकटिक करतं," ती कुजबुजली. "महिन्याला दोन गोळ्या लागायच्या, आता आठवड्याला दोन. मी रोज मोजते. दुखणं वाढलंय आणि तुम्ही मला सांगत नाही."

तो गोळी घ्यायचा तिला ऐकायला, आणि प्रत्येक गोळीबरोबर ती आणखी गप्प होत होती.

"दुखणं नाही वाढलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "स्थानकावर येऊन बसतो. तुला ऐकायला."

पाच महिन्यांचं सगळं एकदम बाहेर पडलं.

"काय? तिथे बाकावर? दोन-दोन तास? आणि मी इथे चिठ्ठ्या लिहून लिहून बोटं मोडून घेतेय! अहो, मला सांगायला काय झालं होतं?"

खालून आजोबांचा आवाज आला, "वहिनी, आलात का गावाहून?"

तिने दचकून तोंडावर हात ठेवला. त्याच्या डोक्यात कानशिलापासून मानेपर्यंत कळ गेली होती. आठवड्याच्या दोन्ही गोळ्या संपल्या होत्या.

"आज घेतलीय का?" तिने विचारलं.

"घेतलीय," तो म्हणाला. "बोल."

रोज मोजणाऱ्या बाईला हे कसं पटणार? तिने खिडकीचा पडदा ओढला आणि त्याच्या शेजारी येऊन बसली. मग कुजबुज नव्हे आणि भोंगाही नव्हे, अशा नव्याच आवाजात ती त्याला सांगायला लागली, आज चार नंबरची गाडी उशिरा का आली ते.