शाळेच्या खिडक्यांचं आमंत्रण

शाळेच्या सूचना मी फोनवर बनवते. पगार नाही, कुणी सांगितलंही नाही, लष्करच्या भाकऱ्या. पण सूचना देखणी हवी हा माझा हट्ट. निळ्या रंगावर डोंगर, खाली ठळक अक्षरं: ‘शनिवारी शाळेत अशर. थंडीआधी खिडक्यांच्या फटी बुजवायच्या आहेत, सगळे या.’ अशर म्हणजे सगळ्या गावाने मिळून, बिनपैशाचं करायचं काम. पालकांच्या ग्रुपवर टाकली आणि लाल बदामांचा पाऊस पडला. मी खूश.

शनिवारी दोघीच आलो. एक मी, दुसऱ्या मुख्याध्यापिका सालकिन एजे, म्हणजे सालकिनताई, फटींवर पट्ट्या चिकटवायला खळीचं भांडं घेऊन.

“चित्र छान हो, नुरझात. त्यालाच सांग खिडक्या बुजवायला.” मग त्यांचा आवाज उतरला. “परवा नाही, त्यापुढच्या सोमवारी तपासणी आहे. वर्गात वारा शिरताना दिसला, तर पहिलीची पोरं पुलापलीकडच्या शाळेत जातील.”

माझी ऐनुरा पहिलीतच आहे. आणि हिवाळ्यात तो पूल निसरडा होतो.

तरी डोक्यातून एक गोष्ट जाईना. एवढे बदाम देणारे गेले कुठे? सासूबाई म्हणतात, दुसऱ्याच्या पातेल्यावरचं झाकण उचलल्याशिवाय हिला घास उतरत नाही. खरंच आहे. एकेका बदामामागचं नाव बघत बसले. तलांत, मॉस्को. झामिरा, तीही मॉस्को. एक तर थेट कोरियात. पालक खरेच, पण पोरं इथे आज्यांपाशी, आणि आज्या ग्रुपवर नाहीतच. मी खुळी मॉस्कोला खिडक्या बुजवायला बोलावत होते!

शेजारीच तलांतची आई राहते, उल्कान आपा. तिला विचारलं, “आपा, तुला शनिवारचं कळलंच नाही?”

“कोण सांगणार? तलांत पैसे पाठवतो. फोन मात्र गेला हिवाळा संपल्यापासून नाही.”

घरी येऊन डोंगर पुसला, निळा रंगही पुसला. माझा जीव तुटला, पण फक्त एवढंच लिहिलं: ‘आत्ता आईला फोन करा. सांगा, शनिवारी शाळेत अशर आहे. नाहीतर तुमचं पोर पूल ओलांडून शाळेत जाईल.’

या वेळी एकही बदाम आला नाही.

शनिवारी मात्र अंगणात आज्याच आज्या. कुणी लोकर आणली, कुणी जुनी रजई फाडून आणली. खळ कशी पातळ झालीय यावरून सालकिन एजेंना चार शब्दही ऐकावे लागले. सोमवारी तपासनीसाने खिडकीला तळहात लावून पाहिला, चहा प्याला आणि गेला. पहिलीचा वर्ग इथेच राहिला.

मंगळवारी उल्कान आपा फडक्यात पिठाचे तळलेले गरम बोरसोक बांधून दारात.

“सगळ्या खिडक्या झाल्या?”

“झाल्या, आपा. तपासणीही पार पडली.”

आनंद व्हायचा सोडून तिचा चेहराच पडला. “दारं? छप्पर?”

“सगळं ठीक आहे गं.”

“नीट बघ, पोरी. तलांत तासभर बोलला. लेकाशीही बोलला. म्हणाला, शाळेचं काही काम निघालं की करतो फोन.”

शाळेचं कुंपण गेल्याच वर्षी रंगवलंय. तिच्यासमोर फोन काढला आणि, सालकिन एजेंना न विचारताच, येत्या शनिवारी ते पुन्हा रंगवायचं ठरवून टाकलं.